सतरा जणांचा मुलगा

चेतासेतू केंद्राच्या प्रयोगशाळेत सकाळच्या नोंदींचा पडदा उघडला, तेव्हा ऋजुता तुमसरेला आधी वाटलं की यंत्रच बिघडलंय. सतरा रुग्णांच्या शोकाचा आलेख एकदमच वर चढला होता, आणि तोही जाग येण्याच्या क्षणी. आलेखाखाली यंत्रानं कारणही लिहिलं होतं: मुलगा, पाणी, शेवटचं. सतराही ठिकाणी तेच.

"एखाद्याचा मुलगा बुडाला असेल, सर, फार तर दोघांचा," ती म्हणाली. "सतरा जणांचा कसा बुडेल? आणि परिचारिका सांगतायत, सगळे निळ्या स्वेटरबद्दलच बोलून रडतायत."

डॉ. यशोधन बारलिंगे खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. चेतासेतू हा त्यांच्या डोक्यातून निघालेला प्रकार. यादीतल्या एका नावावर त्यांनी बोट ठेवलं. "या ताराचंद मेश्रामांचं तर लग्नच झालेलं नाही. सगळं आयुष्य उमरेडच्या कोळसा खाणीत गेलं बिचाऱ्यांचं. यांना कुठून आला मुलगा?"

सेतू म्हणजे कानामागे बसवलेला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला झोप लागली की तो कामाला लागायचा. मेंदूत जी आठवण अजून जोरानं उमटते आहे तिचा ठसा टिपून तो केंद्राच्या यंत्राकडे पाठवायचा, तिथं ती त्या रुग्णाच्या यादीत जायची, आणि यादीतले ठसे तो रोज रात्री मेंदूला पुन्हा ऐकवायचा. आजारानं रोज पुसायचं आणि सेतूनं रोज गिरवायचं, असा तो सामना होता. नागपुरातली शेकडो म्हातारी माणसं त्याच्या जिवावर आपल्या मुलांना नावानं हाक मारत होती.

या सगळ्यामागची माहितीची रचना ऋजुताची. प्रत्येक रुग्णासाठी तिनं दोन तक्ते केले होते. मुख्य तक्त्यात नाव, वय, रक्तगट, औषधं. हे भरल्याशिवाय कुणाला दाखलच करून घेत नसत. दुसरा तक्ता ऐच्छिक. जिवलग माणसं, आवडीनिवडी, जपायच्या आठवणी, असलं सगळं त्यात. नातेवाईक हौसेनं भरून देत, आणि मग त्या रुग्णाच्या नावानं तिथं एक ओळ तयार होई. ज्यांच्यासाठी भरून देणारं कुणी नव्हतं, त्यांची तिथं ओळच नव्हती. रिकाम्या रकान्यांची अडगळ नको, ज्याला हवी त्याच्यापुरतीच जागा, असं ती नव्या मुलांना मोठ्या तोऱ्यात समजावून सांगायची.

आणि त्या बिनओळीच्या सतरा जणांत तिची स्वतःची आई होती.

आता घ्या! ज्या बाईनं तक्ता बनवला तिच्याच आईची ओळ नाही. पण असंच होतं. निवांत वेळ मिळाला की नीट बसून भरू, असं म्हणता म्हणता ते राहून गेलं होतं. घाई तरी कसली? आईचं सगळं तिला तोंडपाठ होतं. भेटायला गेली की ती आईजवळ बसून जुन्या गोष्टी सांगायची, ऐकताना आईच्या मेंदूत जे उमटे ते सेतू टिपून घ्यायचा, आणि यादी आपोआप वाढत होतीच की.

ऋजुतानं मूळ आज्ञावली उघडली. पायथनमध्ये लिहिलेला 'रुग्ण' नावाचा वर्ग, म्हणजे एक साचा. त्यातून प्रत्येक रुग्णाची एक प्रतिमा यंत्राच्या चालत्या स्मृतीत तयार होत असे. तिनं पहिलीच ओळ वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"कर्म माझं! सर, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात हो. पहिल्या!"

"मला कळेल असं सांग, बाई. मी मेंदूवाला माणूस."

"साचा म्हणतो, रुग्णाची आठवणींची यादी द्या. ऐच्छिक तक्त्यात ओळ असेल तर तिथून ती मिळते. नसेल तर मी गृहीत मूल्य दिलंय, रिकामी यादी. आपल्याला वाटतं, दर वेळी नवी कोरी यादी मिळेल. पायथन तसं करत नाही. साचा पहिल्यांदा वाचताना ते एकच रिकामी यादी बनवून ठेवतं, आणि ज्याला स्वतःची नाही त्या प्रत्येकाच्या हातात तीच देतं. पंगतीत सतरा जणांना पान कमी पडलं, तर सतरा पानं मांडायची ना? मी एकच पान मांडलं आणि सगळ्यांना त्यातच वाढत बसले."

बारलिंगे म्हणाले, "म्हणजे एकाच्या मेंदूतून जे वर आलं, ते रात्री सतराही जणांना ऐकवलं गेलं."

"वर्षभर."

"तरीच मेश्राम तुला बेटा म्हणतात! आणि त्या कोपऱ्यातल्या आजी परवा मला सांगत होत्या, आमची ऋजुता तिसरीत असताना सायकलवरून पडली म्हणून."

सगळ्या केंद्राला त्या म्हाताऱ्यांच्या प्रेमाचं केवढं कौतुक होतं! बिचाऱ्यांना कुणी नाही, म्हणून ऋजुतालाच लेक मानतात, असं म्हणत परिचारिका डोळे पुसायच्या. प्रेम कसलं, गळती होती ती. ऋजुताला इतकी लाज वाटली की ती पडद्यावरून नजरच हलवेना.

"ठीक आहे," बारलिंगे म्हणाले. "ही मुलाची आठवण मुळात कुणाची ते बघ. त्याच्याकडे ठेवू, बाकीच्यांची काढू."

"यादीत मालकाचा रकाना नाही, सर. प्रत्येकाची यादी वेगळीच असणार, मग मालकाचं नाव कशाला लिहायचं, असं वाटलं मला."

वनिताबाई तुमसरे खिडकीजवळच्या पलंगावर बसल्या होत्या. एके काळी भंडाऱ्याला शाळेत शिकवायच्या, आणि आवाज असा की मागच्या बाकावरचं पोरही दचकून सरळ बसायचं. त्याच आवाजात त्या आता रडत होत्या.

"सुटला ना गं माह्या हातातून. निळं स्वेटर दिसून राहिलं होतं, आणि मग तेही दिसेना."

"आई, तो तुझा मुलगा नाही गं. तुला मी एकटीच. दुसऱ्या कुणाचं तरी तुझ्या डोक्यात शिरलंय."

"तुला काय ठाऊक?" वनिताबाई तिच्यावर ओरडल्या, आणि पुन्हा रडायला लागल्या.

संध्याकाळपर्यंत त्या विसरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. दुःख जुनं होऊ द्यायचं नाही, असा या आजाराचा खाक्या. रोज पहाटे सेतू ती आठवण गिरवी आणि रोज सकाळी सतरा माणसांचा मुलगा नव्यानं बुडे. ऋजुता दोन्ही हातांनी आईला धरून बसायची आणि मनातल्या मनात त्या अनोळखी पोराला शिव्या घालायची. मेलास तर मेलास, माझ्या आईला कशाला छळतोस?

चौथ्या दिवशी बारलिंग्यांनी उपाय काढला.

"उसनी आठवण आणि स्वतःची आठवण यांत फरक असतो," ते म्हणाले. "उसनी वरवर असते. सेतूनं गिरवणं थांबवलं की काही आठवड्यांत विरते. स्वतःची मात्र मेंदूत खोलवर गुंतलेली असते, ती खालून पुन्हा वर येते. तू चूक दुरुस्त कर आणि यंत्र पुन्हा सुरू कर. सतराही जणांना स्वतंत्र, कोरी यादी दे. सेतूनं काही ऐकवायचं नाही, फक्त ऐकायचं. ज्याच्या यादीत मुलगा परत येईल, तो त्याचा."

"यंत्र बंद केलं की सामायिक यादी जाईल, सर. तिला तक्त्यात ओळच नाही, ती फक्त चालत्या स्मृतीत आहे. आणि ठशाची प्रत बाहेर काढून ठेवणं हा गुन्हा."

"जाऊ दे की. ज्याचं आहे त्याच्या डोक्यात आहेच."

"चालेल. पण सोळा जणांवर. आई नाही."

बारलिंग्यांनी चष्मा काढला. "का?"

"तिची ओळ मी आज स्वतः भरते. तिच्याजवळ बसून सगळ्या गोष्टी पुन्हा सांगते, ठसे घेते, आणि कुटुंबमान्य असा शिक्का लावते. तसा शिक्का असला की यादीबाहेरचं काहीही वर आलं तर सेतू ते दाबून टाकतो. मग ते पोर तिला पुन्हा दिसणार नाही."

"अगं, पण सगळ्यांना एकच नियम नको का? तिनं काही आठवडे..."

"रोज सकाळी ती मुलगा गमावते, सर! विसरते आणि पुन्हा गमावते. आणखी काही आठवडे? तुमची आई असती तर म्हणाला असता?" तिचा आवाज चढला, मग फुटला. "बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत. एका ताटात जेवलोय. तिचं असं काय आहे जे मला माहीत नाही?"

त्यांना तिची दया आली, आणि शास्त्रज्ञानं करू नये ते त्यांनी केलं. परवानगी दिली.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. मुलगा वनिताबाईंना सोडून गेला. त्या भाजीला मीठ कमी आहे म्हणून स्वयंपाक्याशी भांडू लागल्या, परिचारिकांना पाढे विचारू लागल्या, ऋजुता आली की "काय करून राहिली बेटा, किती वाळली!" असं म्हणू लागल्या. वर्षभरात त्या इतक्या हसल्या नव्हत्या. ऋजुता घरी जाताना गाडीत एकटीच गाणी म्हणायची.

बाकीच्या सोळा जणांच्या याद्याही भरू लागल्या, आणि पहिल्यांदाच ज्याच्या त्याच्या. मेश्रामांच्या यादीत खाणीत माणसं नेणारा पाळणा आला, काळोखात उतरताना शेजारच्यानं वाजवलेली शिट्टी आली. कोपऱ्यातल्या आजींच्या यादीत त्यांचं माहेर आलं, एक तांबडी गाय आली. ज्यांचं कुणी नव्हतं त्यांचंही केवढं काय काय होतं! ऋजुता रोज सकाळी सोळा याद्या चाळायची आणि त्यात मुलाला शोधायची. त्या बापाला किंवा आईला आपण स्वतः जाऊन भेटायचं, शेजारी बसायचं, असं तिनं ठरवून ठेवलं होतं.

मुलगा कुणाच्याच यादीत आला नाही.

बारलिंग्यांनी ठरवलेली मुदत संपली. त्यांनी आणखी एक आठवडा वाढवून दिला, तोही संपला. सेतूची संवेदनक्षमता वाढवून पाहिली. उसन्या आठवणी विरल्या होत्या, सायकलवरून पडलेली ऋजुताही विरली होती. मेश्राम आता तिला "मॅडम" म्हणत.

"चाचणी चुकली असेल का?" ऋजुतानं विचारलं.

"चाचणी बरोबर आहे. प्रत्येकाच्या पन्नास स्वतःच्या गोष्टी परत आल्यात, आणि मुलगा बुडाल्याची आठवण येणार नाही? ती तर सगळ्यांच्या आधी यायला हवी." ते थांबले. "आकाशातून तर पडली नसेल ना. त्या यादीत भर घालू शकणारी माणसं किती होती?"

"सतरा."

"आणि आपण तपासली किती?"

ती उत्तर द्यायला थांबली नाही. जिना उतरताना तिची चप्पल निसटली ती तिथंच राहिली. आईच्या पलंगाशेजारचा पडदा तिनं उघडला, कुटुंबमान्य शिक्का काढला, आठवणी दाबणं बंद केलं. "आई, एक मुलगा होता का गं? निळ्या स्वेटरमधला?" वनिताबाईंनी तिच्याकडे काळजीनं पाहिलं आणि तिच्या कपाळाला हात लावला, ताप आहे का म्हणून.

सेतू रोज रात्री ऐकत राहिला. काही आलं नाही.

बारलिंग्यांनी तिला खोलीत बसवून सांगितलं. दुसरं कोण सांगणार? "या आजारात स्वतःची आठवणसुद्धा थोडीफार उजळत राहावी लागते. सोळा जणांना आपण मोकळं सोडलं होतं. वनिताबाईंच्या बाबतीत ती जेव्हा जेव्हा वर यायला बघत होती, तेव्हा तेव्हा सेतूनं ती दाबली. दर रात्री. तुझी आज्ञावली यावेळी अगदी बिनचूक चालली, ऋजुता."

ती रडली नाही. तिला आधी राग आला, आईचा. सगळं आयुष्य एका ताटात जेवून ही बाई एक अख्खा मुलगा पोटात लपवून बसली होती! मग तिला वाटलं, विचारायचं तरी कुणाला? आईकडचं कुणी उरलं नव्हतं, बाबांकडचंही नाही. त्या पोराला ओळखणारं जगात कुणी असेल तर ही सोळा परकी माणसं, आणि त्यांच्याही डोक्यातून तो विरत चालला होता. सेतूला न ऐकू येण्याइतका अंधुक झाला होता. पण सेतू फक्त ऐकतो, त्याला विचारता येत नाही.

दुपारच्या चहाच्या वेळी ती मेश्रामांसमोर जाऊन बसली.

"काका, तुम्हाला एक मुलगा आठवायचा. पाण्यातला."

"मले त लगनच नाही झालं, मॅडम." मेश्राम ओशाळले. मग बशी खाली ठेवून म्हणाले, "पण होता खरा कोणी. आता बरोबर दिसत नाही. तळ्याच्या कडीले खेळून राहिला होता. शिंगाडे पाहिजे म्हणे."

"आणि?"

"घसरला. म्या हात देल्ला." त्यांनी हात पुढे केला आणि त्याच्याकडे बघतच राहिले. "हातात बांगड्या होत्या. हिरव्या. माह्या हातात बांगड्या कायच्या? तवाही मले असंच वाटे, पण कोणाले सांगाव? हासले असते."

इतके दिवस ऋजुता आणि बारलिंगे पडद्यावरचे तीन शब्द बघत बसले होते, आणि या माणसाला एकदाही कुणी विचारलं नव्हतं की काका, तुम्हाला नेमकं काय दिसतं?

"उडी काऊन नाही मारली, हेच मनात राहते," मेश्राम सांगत होते. "पोट जड होतं ना. आठवा-नववा लागला असन. वाकताच येये ना. आतमधून लेकरू लाता मारून राहिलं होतं, आणि बाहेरचं पाण्यात. पोटावर हात ठेवून नुसती ओरडत राहिली मी." ते गोंधळून थांबले. "राहिलो. माणसाले असं आठवते का, मॅडम?"

"नाव? काका, नाव काय होतं त्याचं?"

त्यांनी खूप प्रयत्न केला. डोळे मिटले, ओठ हलवले. मग मान हलवली आणि तिचे हात हातात घेऊन माफी मागितली.

ऋजुता उरलेल्या सगळ्यांकडे गेली. कुणाला दुधाचा पडलेला दात आठवला, कुणाला कानाजवळचा तीळ, एका आजीला एवढंच की त्याला शाळा आवडत नसे, आई शाळेतली बाई असूनही. नाव कुणालाच आलं नाही. बहुतेक ते नाव आईनं तेव्हापासून कधी उच्चारलंच नव्हतं. पोटात जी वाचली तिला ते कळू नये म्हणून.

"परत देणार आहेस तिला?" बारलिंग्यांनी विचारलं. "आता ती सुखात आहे. तू नाही भरलंस तर कुणी तुला विचारणार नाही. तो तक्ता ऐच्छिकच आहे."

"तिचा आहे तो, सर."

वनिताबाई उन्हात पाय पसरून बसल्या होत्या. ऋजुतानं सेतूचं टिपणं सुरू केलं आणि त्यांच्याजवळ बसून सांगायला लागली. एक मुलगा होता. कानाजवळ तीळ होता. शाळेत जायला रडायचा. निळं स्वेटर घालून तळ्यावर गेला, शिंगाडे हवे होते त्याला. त्याची आई पोटुशी होती, तिला वाकता आलं नाही, ती ओरडत राहिली. तिची काही चूक नव्हती. सांगता सांगता ऋजुताला रडू आलं.

वनिताबाईंनी पदरानं तिचे डोळे पुसले. "अरेरे. कोणाचं गं लेकरू?"

"तुझं, आई. माझा दादा."

वनिताबाई तिच्याकडे बघत राहिल्या. वर्गात एखाद्या हुशार पोरीनं सोपं गणित चुकवावं, तेव्हा बघायच्या तशा. पडद्यावर सेतूची रेघ सरळच होती.

"काहीतरीच बोलते!" त्या हसल्या आणि तिच्या पाठीवर थोपटत म्हणाल्या, "माझं असतं तर मला आठवलं नसतं का? आपलं लेकरू कोणी विसरते का, बेटा?"